दुसऱ्या कोकराचे दूध

गेल्या हिवाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. तो बँकेत अधिकारी आहे. नावगाव खोडलेला एक प्रकल्प-अहवाल त्याने माझ्यापुढे ठेवला आणि ‘सर, अर्थशास्त्राच्या दृष्टीने हे कसे वाटते?’ असे विचारले. पाचशे शेळ्या आणि पंचवीस बोकड यांचा तो बंदिस्त प्रकल्प होता. लेंड्या खाली पडाव्यात म्हणून फटींच्या तळाचे उंच गोठे, तोंड लावताच पाणी सोडणारे नळ, प्रत्येक जनावराच्या कानात इलेक्ट्रॉनिक बिल्ला, छताला कॅमेरे, आणि मालकाला शहरात बसून सारे पाहता यावे अशी मोबाइलवरची व्यवस्था. आकडेही नीट मांडलेले होते. मरतूक किती, करडांची वाढ किती, बकरी ईदच्या सुमारास मिळणारा भाव किती, हे सारे होते. चाऱ्याच्या रकान्यात मात्र ‘खरेदी’ एवढा एकच शब्द होता आणि मजुरांच्या रकान्यात ‘चार’ हा एकच आकडा.

मी त्याला म्हटले की बेरीज-वजाबाकी बरोबर आहे. जे खटकते ते या हिशेबाच्या कागदावर आलेलेच नाही. तो हसला. विद्यार्थीदशेतही माझ्या अशा उत्तरांना तो असाच हसत असे. परंतु तो गेल्यावर अहवालाने माझा पिच्छा सोडला नाही, म्हणून हा लेख.

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२१ पासून अशा प्रकल्पाला भांडवली खर्चाच्या निम्मे आणि जास्तीत जास्त ५० लाख रुपये अनुदान मिळते. आरंभी ५०० माद्या आणि २५ नर यांच्या खालचा प्रकल्प विचारातच घेतला जात नसे. पुढे १०० माद्यांपासूनचे टप्पे ठेवण्यात आले. शंभर शेळ्या ही ज्यांना सर्वांत खालची पायरी वाटते, त्यांनी माण-खटावमधील मजूर बाईच्या दारात बांधलेल्या तीन शेळ्या पाहिलेल्या नसाव्यात. २०१९ च्या पशुगणनेप्रमाणे महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ६ लाख शेळ्या आणि २७ लाख मेंढ्या आहेत. त्यांतील फार मोठा भाग अशाच दारांत किंवा वाटेवर चालणाऱ्या धनगरांच्या वाड्यांत आहे. राज्य सरकारच्या २०१७ च्या महामेश योजनेत वीस मेंढ्या आणि एक नर असा संच ७५ टक्के अनुदानावर देण्याची तरतूद झाली. ती योजना जमिनीच्या जवळची आहे हे मान्य केले पाहिजे. पण तीही जनावरे मोजते, गवत मोजत नाही.

नव्या तंत्राविषयी आपल्या चळवळीत दोन सवयी रूढ आहेत. एक म्हणजे यंत्र आले की दारिद्र्य गेले असे मानण्याची. दुसरी म्हणजे यंत्र दिसले की त्यामागे भांडवलदार शोधण्याची. दुसरी सवय बरीच वर्षे मलाही होती. अमर्त्य सेन यांनी १९६० साली तंत्रनिवडीवरील आपल्या पुस्तकात जो प्रश्न मांडला तो या दोन्ही सवयींपेक्षा उपयोगी आहे: आपल्याकडे दुर्मीळ काय आणि विपुल काय, हे आधी ठरवा आणि मग तंत्र निवडा. डॉ. लोहियांनी १९५२ साली पचमढीला छोट्या यंत्राचा आग्रह धरला, त्यामागेही हीच दृष्टी होती. दख्खनच्या माळावर दुर्मीळ काय आहे? माणसाचे श्रम नव्हेत. मेंढरांमागे चालणाऱ्या माणसाला जे ज्ञान आहे तेही नव्हे. दुर्मीळ आहे ते गवत, पाणी आणि वेळेवर मिळणारी रोगप्रतिबंधक लस. त्या अहवालातील बहुतेक उपकरणे मात्र श्रम वाचविणारी होती. ज्या देशात राखणदार महाग पडतो तिथे ती योग्यच आहेत. नॉर्वेतील नोफेन्स ही कंपनी शेळ्यांच्या गळ्यात असा पट्टा बांधते की नकाशावर आखलेली अदृश्य सीमा जवळ आली की आधी सूर ऐकू येतो आणि तरीही जनावर पुढे गेले तर विजेचा सौम्य झटका बसतो. तिथल्या डोंगरांत, तिथल्या मजुरीच्या दरात याचा अर्थ लागतो. आपल्याकडे तो पट्टा आणणे म्हणजे राखणदाराला रोजगार हमीच्या कामावर पाठवून त्याच्या जागी बॅटरी ठेवणे होय.

याच्या उलट टोकाचे एक तंत्र मला फलटण येथे दिसले. गेली काही वर्षे मी त्याचा विचार करीत आहे, कारण त्यात आशा आणि धोका दोन्ही एकत्र बांधलेले आहेत.

बनबिहारी निंबकर यांनी १९६८ साली फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था स्थापन केली. २०२३ साली ते वारले. (इरावतीबाई कर्वे यांचे हे जावई, धनगरांच्या कळपावर कर्व्यांच्या घरातील दोन पिढ्यांचे लक्ष होते असे म्हणावयास हरकत नाही.) त्यांच्या कन्या डॉ. चंदा निंबकर आणि त्यांचे सहकारी यांनी दख्खनी मेंढीचा एक साधा आर्थिक पेच हाती घेतला. दख्खनी मेंढी काटक खरी, पण ती एका वेताला बहुधा एकच कोकरू देते. पूर्वी लोकरीचे घोंगडे विकले जाई. आता जाड्याभरड्या लोकरीला कातरणीचा खर्च निघेल एवढाही भाव अनेकदा येत नाही. म्हणजे मेंढपाळाची मिळकत मुख्यत्वे तीन-चार महिन्यांचे कोकरू विकण्यावर आली. मिळकत वाढवायची तर मेंढ्या वाढवाव्या लागतात, आणि मेंढ्या वाढवायच्या तर गवत हवे, जे नाही. तेव्हा मेंढ्या तेवढ्याच ठेवून कोकरे वाढविता येतील काय, असा तो पेच होता.

त्याचे उत्तर सुंदरबनात सापडले. तेथील गरोल जातीची मेंढी अंगाने अगदी लहान, खाऱ्या दलदलीत गुडघाभर पाण्यात उभी राहून चरणारी. पण ती सर्रास जुळी देते, कधी तिळीही. अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात कलकत्त्याहून सुटलेल्या जहाजांतून बंगालच्या मेंढ्या ऑस्ट्रेलियाला पोचल्या होत्या. पुढे तेथील ‘बुरूला’ नावाच्या मेंढवाड्यावरच्या मेरिनो मेंढ्या विलक्षण संख्येने कोकरे देतात हे लक्षात आले आणि त्यावर दीर्घ संशोधन झाले. २००१ मध्ये या गुणामागील जनुकातला नेमका बदल ओळखला गेला, आणि पाठोपाठ गरोल मेंढीतही तोच बदल असल्याचे दाखविले गेले. थोडक्यात, ऑस्ट्रेलियाच्या विज्ञानाने ज्याचे नाव जगभर केले ते धन बंगालमधील भूमिहीनांच्या अंगणातून गेलेले होते. वसाहतींच्या इतिहासात कापूस आणि नीळ यांच्या निर्यातीची नोंद आहे. या निर्यातीची कोणी घेतल्याचे माझ्या वाचनात नाही.

फलटणला हे जनुक दख्खनीच्या लोणंदी वाणात आणले गेले. अंगासाठी आणि दुधासाठी बन्नूर व अवासी या जातींचे रक्तही मिसळण्यात आले आणि ‘नारी सुवर्णा’ हा वाण तयार झाला. ऑस्ट्रेलियाच्या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन केंद्राचे साहाय्य १९९८ पासून सुमारे दहा वर्षे होते आणि पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा जनुकाच्या तपासणीत सहभागी होती. या तपासणीचे महत्त्व सामान्य वाचकाने समजून घ्यावे असे आहे. नर स्वतः विणार नाही. तेव्हा त्याच्या अंगी हा गुण आहे की नाही हे पूर्वी त्याच्या मुली व्यायल्यावरच, म्हणजे वर्षा-दोन वर्षांनी कळे. आता रक्ताच्या थेंबावरून ते कोकरूपणीच कळते. जनुकाच्या दोन्ही प्रती असलेला एक नर कळपात सोडला की त्याच्या प्रत्येक मुलीला एक प्रत मिळते. मेंढपाळाला कर्ज नको, वीज नको, गोठा नको, मोबाइल नको. त्याच्या कळपात नर तसाही लागतोच. तो वेगळा असला की पुरे. यंत्र म्हणावे तर याहून छोटे यंत्र असू शकत नाही. लोहियांना ते आवडले असते.

शंभर वेतांमागे शंभराच्या आसपास असलेली कोकरे जनुकाची एक प्रत असलेल्या मेंढीत दीडशेच्या आसपास जाऊ शकतात. पर्यावरणाच्या दृष्टीनेही हे हिताचे आहे. मेंढी वर्षभर जे गवत खाते त्यातले बरेचसे ती नुसती जगण्यासाठी खाते. तेवढ्याच गवतावर दीड कोकरू उभे राहिले तर माळावरचा भार न वाढता उत्पन्न वाढते. विकासाच्या चर्चेत ‘शाश्वत’ हा शब्द सैलपणे फेकला जातो. इथे त्याला मोजता येईल असा अर्थ आहे.

इथपर्यंत आशा. आता दुसरी बाजू.

काही वर्षांपूर्वी मी त्याच भागात एका वाड्यावर एक दिवस काढला. वाडा म्हणजे चार कुटुंबे, तीन तट्टे, वाघुरीच्या जाळीत बसवलेली दोन-अडीचशे मेंढरे आणि कोंबड्या. एका म्हातारीशी बोलत असताना मी जुळ्या कोकरांचा विषय काढला. मला वाटले ती नवल करील. ती म्हणाली, ‘मास्तर, दोन आली तर चांगलंच हाय की. एक मेंढीच्या मागं चालंल, एक म्या काखंला मारीन. पर दूध कुनाचं पाजायचं? मेंढीला काय म्या खायाला घालतीया?’

सगळे अर्थशास्त्र या चार वाक्यांत आहे. दख्खनी मेंढ्या मृगाच्या पावसानंतर हिरवे गवत पोटात गेले की माजावर येतात आणि पाच महिन्यांनी, दिवाळीच्या आगेमागे, वितात. नेमक्या याच वेळी वाडे हलतात. कोणी कृष्णाकाठाकडे, कोणी मराठवाड्याकडे. पारनेरच्या धवळपुरीकडचे धनगर घाट उतरून कोकणात जातात. रोजची चाल, मुक्कामाची जागा दर एक-दोन दिवसांनी नवी. जुळी कोकरे जन्मतःच वजनाने हलकी असतात. पहिल्या काही तासांत चीक पोटात गेला नाही तर रोगप्रतिकाराची शिदोरीच मिळत नाही. पहाटेच्या गारठ्यात उपाशी कोकरू काकडते आणि दुपारपर्यंत संपते. पोटात दोन वाढविणाऱ्या मेंढीला शेवटच्या सहा आठवड्यांत चांगला आहार मिळाला नाही तर ती स्वतःही खंगते आणि दूधही आटते. जनुक बीजांची संख्या वाढविते. दूध वाढवीत नाही. म्हणूनच फलटणच्या संशोधकांनीही या मेंढ्यांना पूरक खाद्य आणि कोकरांची निगा यांवर आरंभापासून भर दिला आहे. दोष त्यांचा नाही. ज्याच्या हाती नर देता येतो पण मूठभर भरडा देता येत नाही, अशा व्यवस्थेचा दोष आहे. समजा, साठ मेंढ्यांच्या कळपात तीस जादा कोकरे आली आणि त्यांतली पंधरा वाटेवर गेली. कागदावर उत्पादन पंचवीस टक्क्यांनी वाढलेले दिसेल. पंधरा कोकरांचे हाल आणि खंगलेल्या मेंढ्या त्या टक्केवारीत कुठेच दिसणार नाहीत.

पशुकल्याण या शब्दाकडे आपल्या वर्तुळात शहरी चोचला म्हणून पाहिले जाते. तसे करू नये. ब्रिटनमध्ये १९६५ च्या ब्रँबेल समितीच्या अहवालातून पुढे पाच मुक्ततांची जी कल्पना आली, तिचे पहिले कलम भुकेपासून आणि तहानेपासून मुक्तता हे आहे. वेदना, रोग आणि भीती यांपासून मुक्तता ही त्यातच आहे, आणि आपल्या जातीच्या स्वभावाप्रमाणे वागण्याची मोकळीकही आहे. आता त्या पाचशे शेळ्यांच्या गोठ्याला आणि धनगराच्या वाड्याला ही पट्टी लावून पाहा. शेळी ही मागच्या पायांवर उभी राहून बाभळीचा शेंडा ओरबाडणारी, हे थोडे ते थोडे खाणारी, सतत हिंडणारी. तिला जन्मभर जाळीवर उभी करून कापलेला चारा घालणे यात पोट भरेल, स्वभाव भरणार नाही. वाड्यावरच्या मेंढीला ती मोकळीक पूर्ण आहे. पण रोग आला की तिला कोणी वाली नाही. गोठ्याला अनुदान देऊन आपण एक मुक्तता विकत घेतो आणि दुसरी गमावतो. वाड्याला लस आणि चारा दिला तर दोन्ही मिळतात, आणि खर्चही कमी येतो. निदान या एका बाबतीत माणसाचे हित आणि जनावराचे हित वेगळे काढता येत नाही.

लसीचा प्रश्न तर सर्वांत सोपा असावयास हवा होता. शेळ्या-मेंढ्यांचा पीपीआर हा रोग गुराढोरांच्या बुळकांडीच्या विषाणूचा सख्खा भाऊ आहे. बुळकांडीचे जगातून उच्चाटन झाल्याची घोषणा २०११ साली झाली. पीपीआरचे उच्चाटन २०३० पर्यंत करावयाचे, असे आंतरराष्ट्रीय उद्दिष्ट आहे. त्याची उत्तम लस भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्थेच्या मुक्तेश्वर केंद्राने तयार केलेली आहे आणि एका टोचणीचे संरक्षण काही वर्षे टिकते. सार्वजनिक विज्ञानाचे हे निखळ यश आहे. अडचण आहे ती शेवटच्या टप्प्याची. लस थंड ठेवावी लागते, एकदा पाण्यात कालवली की काही तासांत संपवावी लागते, आणि दवाखाना गावाला बांधलेला आहे. पथक गावात येते तेव्हा वाडा तीन तालुके पलीकडे असतो. ज्या गावात वाडा असतो त्या गावाच्या यादीत त्याची मेंढरे नसतात.

यावर जगात उपाय झालेला आहे. बुळकांडीच्या मोहिमेच्या शेवटच्या काळात, १९९० च्या दशकात, इथिओपियाच्या अफार प्रदेशात उष्णतेत टिकणारी लस आणि पशुपालकांतूनच निवडलेले लसटोचक यांची जोड घातली गेली. सरकारी पथके जिथे पोचत नव्हती तिथे ही माणसे लस घेऊन पायी गेली, कारण कळप कुठे आहेत हे त्यांनाच ठाऊक होते. आपल्याकडे १९८४ चा पशुवैद्यक परिषद कायदा किरकोळ सेवा प्रशिक्षित व्यक्तीने देखरेखीखाली देण्यास वाव ठेवतो. प्रत्येक मोठ्या वाड्यातील एक तरुण किंवा तरुणी प्रशिक्षित करून, लसीचा डबा आणि मानधन देऊन हे काम सुरू करण्यास कोणत्या नव्या शोधाची गरज आहे? पशुवैद्यकांच्या संघटनांना हे रुचणार नाही हे मी जाणतो. माझे काही मित्र त्यांत आहेत, आणि ते मला पत्रे लिहितीलच.

कानातल्या बारा आकडी बिल्ल्याचेही तसेच. आज मेंढपाळाला तो पाळतीसारखा वाटतो, आणि अनुदानाच्या कागदासाठी तो लावून घेतो. पण त्याच क्रमांकावर ‘ही मेंढी माणची, हिला अमुक दिवशी लस दिली’ ही नोंद कोणत्याही तालुक्यात उघडता आली, लांडग्याने मारलेल्या किंवा रात्री चोरीला गेलेल्या मेंढीची भरपाई ती जिथे गेली तिथेच मिळू लागली, तर तोच बिल्ला त्याचा होईल. माहिती कोणाच्या बाजूने वाहते एवढाच फरक.

जंतांच्या औषधाबाबत एक लहानशी गोष्ट सांगण्यासारखी आहे. पोटातील रक्त शोषणारा हिमॉन्कस हा जंत मेंढ्यांना पांढरे करून मारतो. सगळ्या कळपाला वरचेवर औषध पाजले की जंत औषधाला दाद देईनासे होतात. १९९० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत एक रंगपट्टी तयार झाली, फामाचा तिचे नाव. मेंढीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग पाच छटांशी ताडून पाहायचा आणि फिकट दिसेल तिलाच औषध पाजायचे. पत्त्याएवढ्या पुठ्ठ्याचे हे तंत्रज्ञान औषधाचा खर्च वाचविते, औषधाचे आयुष्य वाढविते आणि प्रत्येक जनावराकडे पाहावयास लावते. मी ते त्या वाड्यावर वर्णन करून सांगितले तेव्हा बायका हसल्या. पापणी त्या पाहतातच. पण आमच्या खात्यांचे उद्दिष्ट ‘इतक्या लाख मात्रा पाजल्या’ असे असते. न पाजलेल्या मात्रेचे श्रेय घेण्याची सोय कोणत्याही तक्त्यात नाही.

शेळ्यांच्या पैदाशीत तर बाजारच उलट निवड करतो. उस्मानाबादी किंवा संगमनेरी शेळीला झालेला जो बोकड सर्वांत धष्टपुष्ट, तोच ईदला किंवा जत्रेला सर्वांत आधी विकला जातो, कारण त्या कुटुंबाला त्या पैशांची सर्वाधिक गरज असते. मागे राहतो तो खुरटा, आणि पुढची पिढी त्याची. गरिबी अशी जनावराच्या रक्तातही उतरते. गोठवलेल्या रेतमात्रांचे कृत्रिम रेतन इथे खरोखर उपयोगाचे आहे, आणि उत्तम बोकड गावाच्या सामाईक मालकीचा ठेवून त्याच्या राखणीचा खर्च ग्रामपंचायतीने उचलणे हेही तितकेच. दुसऱ्या उपायाला तंत्रज्ञान म्हणत नाहीत, म्हणून त्याला निधी नसतो.

या सर्वांच्या मुळाशी गवत आहे, आणि गवताविषयी आपली धोरणे दीर्घकाळ अज्ञानावर उभी होती. शेळी-मेंढी हीच माळ उजाड करते असे मानले जाई. सी. एच. हनुमंतराव या अर्थतज्ज्ञांच्या अध्यक्षतेखालील केंद्रीय कार्यगटाने १९८७ साली तपासून सांगितले की मुख्य गुन्हेगार शेळी नव्हे. तरीही सामूहिक जमीन आक्रसली आणि उरलेल्या कोपऱ्यावर तोंडे वाढली, हे लक्षात घेण्याऐवजी आपण दोष तोंडांनाच देत राहिलो. आज उपग्रहांच्या साहाय्याने देशातील पडीक जमिनींचे नकाशे निघतात, त्यांत झुडपांचे आणि गवताचे माळ ‘पडीक’ म्हणून रंगविले जातात. एकदा तो रंग लागला की तिथे वनखात्याची गिरिपुष्पाची लागवड तरी येते किंवा सौरऊर्जेचे कुंपण तरी. सौरऊर्जेला माझा विरोध नाही. परंतु वाड्याने पिढ्यान्‌पिढ्या चारलेल्या माळावर ती उभी राहते तेव्हा स्वच्छ विजेची किंमत कोणी भरली हे लिहून ठेवले पाहिजे.

गायरानाचा प्रश्न याहून अवघड आहे आणि तो टाळून चालणार नाही. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहाची परंपरा आपण आपली मानतो. मराठवाड्यात दलित कुटुंबांनी गायराने कसली, ती त्यांच्या नावावर व्हावीत म्हणून आपले कार्यकर्ते तुरुंगात गेले, आणि ते बरोबरच होते. गायरान राखा ही मागणी त्यांना हुसकण्याचे हत्यार होता कामा नये. ज्या एकर-दोन एकरांवर भूमिहीनाची चूल पेटते ती जमीन आणि ज्या शेकडो एकरांवर संस्था, कारखाने नि प्रकल्प बसले ती जमीन, यांना अतिक्रमण या एकाच शब्दात कोंबण्यात न्यायालयांची आणि महसूल खात्याची सोय आहे; आपली नाही.

कायदा मात्र पूर्णतः विरोधात नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या तिसऱ्या कलमात भटक्या आणि पशुपालक समाजांच्या हंगामी चराईचा हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केलेला आहे. पण महाराष्ट्रात धनगर हा अनुसूचित जमातीत नसल्याने त्याला ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून तीन पिढ्यांचे, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. जो समाज चालण्यावर जगतो त्याच्याकडे राहिल्याचा पुरावा मागायचा, हा विनोद कायदा लिहिणाऱ्यांच्या लक्षात आला नसावा. आरक्षणाच्या वर्गवारीवर धनगर समाजाचे मोर्चे निघतात, सर्व पक्षांचे पुढारी व्यासपीठावर जातात. तो प्रश्न ज्याचा त्याला महत्त्वाचा आहेच. चराईच्या हक्कासाठी मात्र कोणी व्यासपीठ बांधल्याचे मला स्मरत नाही. आपल्या पक्षानेही नाही.

२०२६ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने कुरणांचे आणि पशुपालकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले. अशा वर्षांत परिसंवाद होतात, भित्तिपत्रके निघतात. आपल्या शाखांनी त्याऐवजी एक वही करावी. पावसाळ्यात वाडे घरी असतात. माण, आटपाडी, सांगोला, पारनेर या तालुक्यांतील साथींनी आषाढापासून दिवाळीपर्यंत घरोघर बसून प्रत्येक वाड्याची वाट लिहून घ्यावी: कोणता मुक्काम, कोणता पाणवठा, कोणत्या शेतकऱ्याकडे मेंढरे खतासाठी बसतात आणि किती वर्षांपासून, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत त्याआधी कोण बसवी. गुन्टर सोन्थायमर यांनी बिरोबा-म्हसकोबाच्या ओव्यांमागे हिंडून धनगरांच्या वाटा धुंडाळल्या. त्या वाटांवर दैवते आहेत, जत्रांच्या तिथी आहेत, आणि पंचाहत्तर वर्षांचा पुरावा म्हणून वनहक्क समितीपुढे त्या का ठेवू नयेत हे मला कोणी समजावून सांगावे. हातातल्या मोबाइलवर त्या जागांच्या खुणा नोंदविता येतात. उपग्रहाने ज्याला पडीक म्हटले त्याच नकाशावर मुक्काम उमटविता येतात. लसीचे पथक कोणत्या आठवड्यात कुठे न्यायचे आणि विणाऱ्या मेंढ्यांसाठी भरड्याची पोती कोणत्या गावच्या सोसायटीत आधी नेऊन ठेवायची, हेही त्याच वहीवरून ठरेल.

त्या म्हातारीने मला तिच्या वाटेवरचे अकरा मुक्काम बोटांवर मोजून सांगितले होते. त्यांतल्या दोन ठिकाणी आता तारेचे कुंपण आहे, एका ठिकाणी तिला रात्री उठविण्यात आले. उरलेले आठ मी लिहून घेतले आहेत.